बाबांची ओंजळ

६ जानेवारी २०२५, सावरझिरा

पोचले एकदाची! मोर्शीहून एसटीनं पाऊण तास, आणि दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा इतक्या जवळ की खिडकीतून हात घातला असता तर एखादं तोडता आलं असतं. घातला नाही, कारण शेजारच्या आजी आधीच माझ्याकडे संशयानं बघत होत्या. एकटी बाई, पायाशी लोखंडी पेटी, पेटीत खडखडाट. छिन्न्या-हातोडे आहेत म्हटल्यावर त्यांनी पाय आखडून घेतले.

ही वही वर्षालीनं दिली. ती धाकटी बहीण, पण ताईगिरी तिचीच. रोज लिही म्हणाली, नाहीतर दगडांशी बोलायला लागशील. मी ठरवलंय की शुद्ध मराठीत लिहायचं. कॉलेजात चार वर्षं माझ्या 'मले-तुले'वर पोरं खिदळली, आता वहीत तरी कोणी हसायला नको.

काम असं आहे. इथं झऱ्याकाठी झिरामायचं ठाणं आहे. मूर्ती नाही, शेंदरानं फुगलेली एक शिळा. आजूबाजूची माणसं तिला नवस बोलतात, आणि दुखणं बरं झालं की त्या अवयवाचा पत्र्याचा आकार आणून टांगतात. हात बरा झाला, पत्र्याचा हात. पाय बरा झाला, पत्र्याचा पाय. मंडपात हजारो टांगलेत, वारा आला की सगळे वाजतात. आता नवा मंडप बांधलाय. त्याच्या भिंतीत काळ्या पाषाणाची पाच शिल्पं बसवायची आहेत. कान, पाऊल, ओठ, डोळे आणि मधोमध ओंजळ. गुढीपाडव्याला लोकार्पण.

देवळाचे अध्यक्ष गोवर्धनराव, रिटायर्ड मास्तर. उजव्या कानानं ठार बहिरे, त्यामुळे जेवण झालं का हेसुद्धा मोर्च्यातल्या घोषणेसारखं विचारतात. माणूस मात्र लाखाचा. राहायला देवळामागची खोली, कामाला शेड, आणि आल्या आल्या रोडगे, वरण, वांग्याची भाजी. मी तीन रोडगे खाल्ले. चौथा लाजेनं सोडला.

९ जानेवारी

पत्र्याचे अवयव जवळून पाहिले. काही उपयोगाचे नाहीत. सगळे एका ठशाचे. कान म्हणजे प्रश्नचिन्ह, हात म्हणजे पाच भेंड्या. यावरून काय कोरणार, कपाळ?

म्हणून पेटीतले बाबांचे साचे काढले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी बाबांच्या अंगाचे प्लॅस्टरचे साचे घेतले होते. चेहऱ्याच्या वेळी नाकात पपईच्या देठाच्या नळ्या घालून बाबा अर्धा तास निपचित पडले होते, आणि वर्षाली म्हणाली की बाबा अगदी पंप बसवलेल्या विहिरीसारखे दिसताहेत. बाबा हसले आणि पहिला साचा तडकला. दुसऱ्यांदा तिला घराबाहेर काढलं.

ओंजळीचा साचा सगळ्यात सुरेख आलाय. बाबा हिवरखेडला झेंडू-शेवंती लावतात. त्यांची एक ओंजळ म्हणजे बरोबर पाव किलो झेंडू. काटा खोटं बोलेल, ओंजळ नाही. ती सगळ्यात शेवटी कोरणार.

संध्याकाळी फोनवर सांगितलं तर बाबांना केवढा आनंद! म्हणाले, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, मले तं फुकटातच देवपण देऊन राहिली वं तू.

१५ जानेवारी

कान झाला. बाबांचाच, वरच्या पाळीला लहानपणच्या बाळीचं बुजलेलं भोकसुद्धा आलंय. स्वतःच्या कामावर इतकी खूश मी कधी नव्हते.

इथली रीत अशी की मायला काहीही द्यायचं तर त्यावर जयवंताबाईंनी शेंदराचं बोट लावायचं. ते लागलं की वस्तू मायची झाली. जयवंताबाई गुरवाघरच्या, सत्तरीच्या, दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या. बोट लावायच्या आधी त्या विचारतात, कोणाच्या नावानं, गाव कोणतं.

आज त्यांनी कान चाचपला. बाळीच्या भोकापाशी बोट थांबलं. विचारलं, जित्या माणसाचा हाय का? मी अभिमानानं हो म्हटलं. कानाले काय झालतं त्याच्या? मी म्हटलं, काही नाही, बाबांचे कान असे की बांधावरून गोगलगाय गेली तरी कळते. सगळे हसले. जयवंताबाई नाही हसल्या. त्या म्हणाल्या, इथं आधी मागतात, मग भेटते, मग देतात. न मागता देलं तं... पण गोवर्धनराव मध्येच गरजले की अवो बाई, नवस नाही हा, शिल्प हाय, लोकं ताटकळले. मग त्यांनी बोट लावलं.

नाव मीच सांगितलं, मोठ्यानं. उत्तमराव ढोणे, हिवरखेड. टाळ्या पडल्या.

१८ जानेवारी

दोन गमती. एक, गोवर्धनराव हळू बोलायला लागलेत. मी चेष्टा केली तर म्हणाले, परवापासून घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊन राहिली, झोपच येत नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

दुसरी गंमत नाही. बाबांना उजव्या कानानं ऐकू येत नाहीये. मळ असेल. वर्षाली कोमट तेल घालतेय.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला बोलावलं होतं. बुंदी मिळाली. गाव माझ्यावर फिदा आहे. गोदाबाई रोज झुणका-भाकर घेऊन येतात, उजवा पाय ओढत. आठ वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून तो पाय नुसता मागून येतो. परत जाताना नव्या दगडांकडे बघत उभ्या राहतात. पाऊल कधी होणार, पाऊल कधी होणार. कलेची एवढी आवड मी कॉलेजातही पाहिली नाही.

पाऊल संपत आलं. ओठ आणि डोळेही बरेच पुढे गेलेत. एकाच दगडावर दिवसभर टोले मारले की मनगट भरून येतं, म्हणून आलटून पालटून करते. साच्यात बाबांचे डोळे मिटलेले आहेत. ते उघडे मी आठवणीनं कोरले.

२ फेब्रुवारी

पावलाला शेंदूर लागला. या वेळी नाव मला सांगावंच लागलं नाही, गोदाबाईंनीच सांगितलं. अख्ख्या गावाला पाठ झालंय. ओठ आणि डोळेही कोरून झाले.

४ फेब्रुवारी

बाबा वाफ्यात पडले. उजवा पाय लुळा. वर्षालीनं अकोल्याला नेलं. मी निघालेय. एसटीच्या थांब्यावर लिहितेय. समोरून गोदाबाई गेल्या. डोक्यावर पाण्याचा हंडा, आणि पायऱ्या चढून गेल्या. दोन्ही पायांनी.

९ फेब्रुवारी

अकोल्यात सगळे फोटो, सगळ्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पायाला काही झालेलंच नाही. बाबा म्हणाले, मंग काय हा नाटकं करून राहिला का? मला हसवायला म्हणाले. मी हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

वहीची मागची पानं चाळली. पंधराला शेंदूर, अठराच्या आत कान. दोनला शेंदूर, चारला पाय. गोवर्धनरावांचाही उजवाच कान. गोदाबाईंचाही उजवाच पाय.

आज परत आले ती तडक जयवंताबाईंकडे. त्या ओट्यावर वाती वळत होत्या. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. पत्र्याचा अवयव माणूस बरं झाल्यावर देतो, पोरी. म्हंजे अवयव राहते त्याच्याजवळ आन पत्रा राहते मायजवळ. तू मागतलं काहीच नाही. चांगल्या माणसाचा चांगला कान, हुबेहूब, नावानिशी देला. माय समजली, हा माणूस आपला कानच देऊन राहिला. मंग तिनं ज्याले पाहिजे होता त्याले देला.

मी म्हटलं, परत मागते. त्या म्हणाल्या, पत्रा गंजते, तुटून पडते, मायची पकड सुटते. दगड काय सुटते?

मी धावत शेडवर आले. ओठ आणि डोळे फोडून टाकायचे होते, त्यांना अजून शेंदूर लागला नव्हता. शेड रिकामी. फक्त ओंजळीचा कोरा दगड. मी अकोल्यात असताना दोन्ही शिल्पं देवळात नेली. सुरक्षिततेसाठी, म्हणे.

१० फेब्रुवारी

गोवर्धनरावांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं, पाणी दिलं, पाटी भरून संत्री दिली. सगळं हळू आवाजात. म्हणाले, पोरी, तुझ्या हाताले यश हाय. ओठांचं विचारलं तर म्हणाले, आपल्या गावचा किशोर तीन वर्षांपासून मुका हाय, लकवा झाला त्याले, लेकीचं नाव घेता येत नाही. तूच सांग, मी त्याले नाही कसं म्हणू?

त्यांच्या तोंडावर राग नव्हता, लबाडी नव्हती. मला तिथंच भीती वाटली.

मोर्शीला पोलीस ठाण्यावर जाऊन आले, दारातूनच. आत जाऊन काय लिहून देणार? कानाची चोरी झाली म्हणून?

१३ फेब्रुवारी

सकाळी अकरा वाजता बाबांशी बोलत होते. खरं सांगून टाकलं सगळं. बाबा, मी तुमचं नाव दिलं. माझ्या हातानं झालं. ते डाव्या कानानं ऐकत होते. मग म्हणाले, येडी हायेस का वं, म्हातारपणी असं होतेच, तू तुयं काम कर, अन् जेवत जा, तुयी आई असती तं—

आणि नुसता श्वास. मी बाबा बाबा करत राहिले. श्वास आत जातो, बाहेर येतो, मधे काही नाही.

तेव्हाच देवळाच्या भोंग्यावर कोणीतरी बोललं. जाड, गंजलेला आवाज. एका मुलीचं नाव घेतलं, परत घेतलं. सगळं गाव रडायला लागलं. किशोर.

आई असती तर काय, हे मला आता कधी कळणार नाही.

१४ फेब्रुवारी

दुपारी देवळात कोणी नसताना हातोडा घेऊन गेले. पाऊल भिंतीतून उखडावं म्हणून कडेला एकच टोला दिला. करंगळीच उडाली.

वीस मिनिटांनी वर्षालीचा फोन. बाबांच्या उजव्या पायाची करंगळी पिचली, खाटेवर बसल्या बसल्या, कशाला न लागता. रक्त थांबून नाही राहिलं.

हातोडा खाली ठेवला. फोडू शकत नाही. काढू शकत नाही. मीच कोरलं आणि मलाच हात लावता येत नाही.

२० फेब्रुवारी

डोळे राहिलेत. जयवंताबाईंच्या पायावर डोकं ठेवलं. बोट तुमचं आहे, तुम्ही लावू नका, एवढंच. माझे बाबा पायानं नाहीत, बोलत नाहीत. फुलांचे रंग तरी दिसू द्या त्यांना. त्यांनी माझे हात हातात घेतले. नाही लावत, म्हणाल्या. मायची आन.

२२ फेब्रुवारी

सकाळी देवळात गेले. दगडाच्या डोळ्यांत शेंदूर. ओला.

जयवंताबाई गाभाऱ्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहिलं. माझ्या पायापासून डोक्यापर्यंत.

म्हणाल्या, तू सावयी हायेस, पोरी. मले गोरी वाटली होती.

मग रडल्या. पंधरा वरसं अंधार होता, म्हणाल्या. आन घेतली तवा खरंच लावणार नवती. सकाळी वाटी हातात आली, बोट आपोआप गेलं. मला त्यांचा गळा दाबायचा होता आणि त्यांनी डोळे भरून झऱ्याचं पाणी पाहावं असंही वाटत होतं.

वर्षालीनं फोन केला. मला माहीतच होतं.

५ मार्च

हिवरखेडला पाच दिवस राहून आले. बाबा खाटेवर. मी शेवंतीची जुडी हातात दिली. त्यांनी ती चाचपली, वास घेतला, आणि ओंजळ पुढे केली. हात तेवढे राहिलेत त्यांचे. ओंजळीत फुलं घातली की वजन करून बोट वर करतात, कमी आहे, अजून घाल. पाव झाला की मान हलवतात.

त्यांचा फोन कपाटावर ठेवलाय. कशाला लागणार आता?

इकडे ओंजळीचा दगड वाट पाहतोय. गोवर्धनराव रोज विचारतात, कुठवर आलं. हातांचे दुखणेकरी पुष्कळ आहेत गावात. मी नाही कोरली तर अमरावतीहून दुसरा कारागीर आणतील. साचा त्यांच्याकडे आहे. पेटीचं कुलूप तोडलंय.

९ मार्च

जयवंताबाई स्वतः आल्या शेडवर. म्हणाल्या, देलेलं परत मागता येत नाही, पण बदली देता येते. आधी मायपुढं बकरू कापत, मंग बकऱ्याच्या बदल्यात कोहळा देऊ लागले, मायनं घेतला. बदली आवडली तं माय पहिलं सोडते. कबूल नाही करत मी, म्हणाल्या. पण या वेळी रीतीनं कर. आधी माग.

मागितलं. शिळेपुढे उभी राहून, मोठ्यानं. माय, माझ्या बापाचा कान, पाय, बोली, डोळे सोड. ओंजळ तुला देते. माझी.

१२ मार्च

माझ्या हातांचा साचा काढला. दोन्ही हात ओंजळीत गुंतलेले, प्लॅस्टर ओतणार कोण? जयवंताबाईंनी ओतलं. पाहून पाहून, एक थेंब सांडू दिला नाही. त्या डोळ्यांनी.

जयवंताबाईंनी गोवर्धनरावांकडून आणलेला बाबांचा साचा कोहळ्याच्या शेजारी ठेवून फोडला. साच्याला शेंदूर नव्हता.

१९ मार्च

कोरून राहिली. हो, करून राहिली, करून राहिली, हसा कोणाले हसायचं तं. शुद्ध लिवाले वेळ नाही.

हे हात दहा वर्षं दगड फोडून मी कमावले. नखं वाकडी, अंगठ्याले घट्टा. सगळं हुबेहूब पाहिजे. थोडंही चुकलं तं माय घेणार नाही.

ओंजळ लहान हाय माझी. पाव किलो नाही मावत. दीडशे ग्रॅम असंल. एवढ्यात बाबाचं सगळं येईल का, माय?

२५ मार्च

वर्षालीले सांगतलं नाही. ती विचारते, बोटं काहून दुखून राहिले तुये. म्हटलं काम.

भात कालवून खाल्ला. वेणी घातली. कुंकू लावलं. उगाचच केसावरून हात फिरवला. मंग पाटीतल्या संत्र्याची साल सोलली, अख्खी, एका दमात, न तोडता. लहानपणी बाबानं शिकवली होती.

२९ मार्च

झाली. जयवंताबाईले दहादा बजावलं. नाव माझं घ्या. माझं. सवयीनं बाबाचं नको.

त्या म्हणाल्या हव. मागच्या वेळीही आन घेतली होती.

३० मार्च, पाडवा, सकाळ

गुढ्या उभ्या झाल्या. शेडमधी बसली हाये. दगड नेला. ढोल वाजून राहिला.

वर्षालीले आत्ता विचारलं. बाबा तसेच. अंधारात.

भेव लागून राहिलं. लय. मले माझे हात पाहिजेत. बाबाही पाहिजे. दोन्ही कसं भेटंल—

भोंगा लागला. कोणाच्या नावानं, विचारून राहिल्या—

रागिणी उत्तमराव ढोणे, हिवरखेड.

घेतलं. माझंच घेतलं. बरं झालं. आता बोटं

थंड. करंगळीपासून. पेन सरकून राहिला, दोन्ही हातानं धरला—

फोन. फोन वाजून राहिला. वर्षालीचा नाही. बाबा लिवून आलं. बाबाचा फोन, कपाटावरचा, कोण—बाबा, तुमीच का, थांबा, ठेवू नका, उचलते, उचलाले हा